कळशीभर पाणी
समुद्राकाठी, दात्चा द्वीपकल्पावर सुट्टीला जायचं ठरलं, की सासूबाईंचं पालुपद: “तुम्ही जा. मी आले तर गाडीमागे पाणी कोण ओतणार?” आमच्याकडे समजूतच आहे, निघणाऱ्याच्या मागे पाणी ओतलं, की तो पाण्यासारखा सुरळीत जातो, पाण्यासारखा परततो. एकदा सासरे कामाला निघाले तेव्हा घाईत पाणी राहून गेलं, आणि माणूस परतलाच नाही. तेव्हापासून समुद्र आम्ही बघतो. सासूबाई मात्र तांब्याची कळशी घेऊन फाटकाशी उभ्या. “शेजारच्या नेझाहतबाई ओततील की, आई,” या वेळी चहा पिताना मी म्हटलं. “ती? चहात साखर घालताना हात आखडतो तिचा!” “मग यंदा कुणीच जायचं नाही,” म्हणत नवऱ्याने मोबाइल पालथा ठेवला. सासूबाईंनी चहा संपवला, त्याच्याकडे पाहिलं, कळशी उचलली आणि कुंपणाशी जाऊन हाक मारली, “नेझाहत! शनिवारी अख्खी कळशी ओत हं. हात आखडू नकोस. या खेपेला गाडीत मीसुद्धा आहे.”