कचरूची बाटली

बाटली पिशवीत घालताना कचरूनं टोपण दाबून पाहिलं.

"नीट धरा," त्याची बायको सगुणाबाई म्हणाली. "टोपण घट्ट लावलंय म्या."

कचरू जालन्यात बियाण्याच्या कारखान्यात कामाला होता. बियाण्याला बुरशी लागू नये म्हणून तिथं पाऱ्याची लाल पावडर चोळत. त्या मशीनवर त्याला नऊ वर्षं झाली होती. यंदा औरंगाबादहून डॉक्टर आले आणि मशीनवरच्या प्रत्येकाची सकाळची पहिली लघवी मागवली. ज्याच्या लघवीत पारा जास्त, त्याला मालक घरी बसवत होता. मागच्या महिन्यात मशीनवरच्या रखमाजीची नोकरी गेली.

"रखमाजी बाटली द्यायला गेल्ता, नोकरी बी देऊन आला," कचरू म्हणाला.

"तुमची न्हाई जात. जेवा अन् जल्दी निघा."

टोपलीत ज्वारी निथळत होती. कारखान्यात सांडलेलं ज्वारीचं लाल बियाणं झाडून घरी नेलं तर मुकादम काही बोलत नसे. सगुणाबाई ते तीन पाण्यांनी धुवायची. रंग पार गेला की वाळवून दळून आणायची.

कचरूनं अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सरकवलं. "बाकीची तू खा. आजकाल तुला जास्त लागतं."

आठ दिवसांनी डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावलं.

"कचरू, तुला काय काय त्रास होतो?"

"बिलकुल न्हाई साहेब. बराबर हाय मी. कामावरून काढू नका."

डॉक्टरांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. "इथल्या सगळ्यांत जास्त पारा तुझ्या बाटलीत निघालाय. दुसऱ्या नंबरच्या माणसापेक्षा तिप्पट. एवढा नुसता नाकातून जात नाही, पोटात जातोय. घरी काय खाता?"

"ज्वारी."

"कुठली?"

कचरूनं टोपी काढून हातात घेतली.

"पावडर लावलेली?"

"धुतो साहेब आम्ही. तीन पाण्यांनी."

"धुऊन रंग जातो रे. पारा जात नाही." डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे बघ, नोकरीचं मी मालकांशी बोललोय. तुला गोदामात घेतील. पण आजपासून ते खाणं बंद. आणि उद्याच दवाखान्यात भरती हो."

कचरूनं टेबलावरचा कागद डॉक्टरांकडे परत सरकवला.

"साहेब, ती बाटली माझ्या बायकोची हाय," तो म्हणाला. "सातवा महिना चालू हाय तिला."