कोपऱ्यावरच्या कोरियन हॉटेलात

न मागवलेल्या वाट्या टेबलावर येतच होत्या. लाल तिखटात मुरवलेला कोबी, काकडी, मोड आलेलं कडधान्य, बारके सुके मासे. ताईने एकीलाही हात लावला नाही. फुकटचं काही पुढ्यात आलं की तिला आधी त्यामागचा हेतू दिसायचा. सारा जन्म विमा कंपनीत दावे तपासण्यात गेला होता. जळालेल्या दुकानाची राखसुद्धा ती आधी खोटीच धरून चालायची.

"अगं, खा. इथे या अशाच येतात," गट्टू म्हणाला.

गट्टू तिचा धाकटा भाऊ. लहानपणी ठेंगणा होता म्हणून हे नाव पडलं आणि पुढे ताडमाड वाढला तरी चिकटून राहिलं. शहरात बस चालवायचा. आई गेल्यावर तिचं घर विकायचं की ठेवायचं यावरून दोघांचं बिनसलं, ते पार बोलणं बंद होईपर्यंत. आणि परवा अचानक त्याचा फोन. जेवायला ये म्हणाला. कशासाठी, तर म्हणे आल्यावर सांगतो. ताईने तेव्हाच खूणगाठ बांधली. याला घराच्या विक्रीवर सही हवी असणार. काय वाटेल ते मागू दे, नाही म्हणायचं.

हॉटेल कसलं, गल्लीच्या तोंडाशी मांडलेली चार टेबलं. प्रत्येकाच्या मधोमध मांस भाजायची जाळी, कडेला चमच्यांचा खण. रोज इथेच जेवतो, असं गट्टूने दारातच सांगितलं होतं. पण चमचे काढायची वेळ आली तेव्हा तो खण शोधत टेबल चाचपत बसला. ताईने ते टिपलं. रोज येणाऱ्याला चमचे कुठे असतात ते ठाऊक नाही? पहिली थाप.

नोकरीचं विचारलं, तर सोडली म्हणाला. सोडली की काढलं, असं तिने खोदून विचारलं. तो तिथल्या रीतीप्रमाणे जाळीवरच्या मांसाचे कात्रीने तुकडे करत राहिला. मग मान वर करून म्हणाला, तुझा जावई हल्ली कुठे असतो?

ताई सावध झाली. हेच त्याने मघाशी, पाणी यायच्या आधी विचारलं होतं. तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा टाकायचा आणि उत्तर बदलतंय का बघायचं, ही तर तिची स्वतःची युक्ती. तिने एक शब्दही न बदलता तेच उत्तर दिलं. गट्टूने नव्यानेच ऐकल्यासारखी मान डोलावली. नाटक बरं जमतं याला, तिला वाटलं.

तो हात धुवायला गेला. परत आला तो भलत्याच टेबलाशी जाऊन उभा राहिला. रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून, कुणाचा तरी निरोप घ्यायला आल्यासारखा. गल्ल्यामागून मालकीणबाई लगबगीने आल्या. पांढऱ्या केसांच्या, बुटक्या, कमरेला एप्रन. त्यांनी त्याचं कोपर धरलं, कानाशी काही बोलल्या आणि त्याला हळूच ताईसमोर आणून बसवलं. तोही शहाण्यासारखा बसला.

आता ताईला सगळं लख्ख दिसलं. सहीचं कारण समोर एप्रन घालून उभं होतं. बायको गेलेला एकटा माणूस. त्याला दोन घास गरम वाढायचे, गोड बोलायचं आणि अलगद घरात शिरायचं. असली प्रकरणं तिने ढिगाने पाहिली होती. तिने पर्स मांडीवर ओढली.

तेवढ्यात मालकीणबाईंनी फोन समोर धरून तिचा फोटो काढला.

"माझा फोटो कशाला हवाय तुम्हाला?" ताईचा आवाज असा चढला की शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं.

मालकीणबाईंनी गट्टूकडे पाहिलं. त्याने कात्री खाली ठेवली आणि जाळीकडे बघत सांगायला सुरुवात केली. मागच्या महिन्यात तो भाजी घेऊन घरी निघाला होता. चौकात आला आणि कुठे वळायचं तेच सुचेना. याच चौकातून त्याने उभा जन्म बस वळवली होती. संध्याकाळपर्यंत तो हातात पिशवी घेऊन तिथेच उभा होता. शेवटी या बाईंनी त्याला ओळखलं, आत आणलं, जेवू घातलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. बस त्याने त्याच दिवशी सोडली. उद्या पन्नास माणसं घेऊन रस्ता विसरलो तर?

"तुला न्यायला कोण येईल, असं या सारखं विचारत होत्या," गट्टू म्हणाला. "मी बायकोचं नाव सांगितलं, ताई. ती गेलीय, हे मागाहून आठवलं. मग तुझं सांगितलं. उद्या तुला ओळखलं नाही, तर मला दाखवायला म्हणून हा फोटो."

जाळीवरचं मांस करपत होतं. कुणीच ते उलटलं नाही. ताईचा हात पर्सवर तसाच होता. मग ती उठली, टेबलाला वळसा घालून गट्टूच्या बाजूला जाऊन बसली आणि त्याची वाकडी झालेली कॉलर नीट केली. मालकीणबाईंकडे तिने फोन मागितला. फोटोतली बाई कुणाला तरी फाडून खायला निघाली होती.

"हा पुसून टाका आणि दुसरा काढा," ताई म्हणाली. "असल्या चेहऱ्याच्या बाईबरोबर तो घरी यायचा नाही."