सत्तेचाळिसावा अंक

न्यूयॉर्कच्या कचेरीतून सुपरहिरोंची सात चित्रमासिकं निघत. साऱ्यांच्या कथांचा मेळ मुख्य लेखक व्हर्नन घालायचा. तो सोडून गेला तेव्हा संपादक लोरेन म्हणाली होती, "त्याच्यावाचून काय अडतंय? मला सगळं पाठ आहे." आज टेबलावर वाचकांच्या पत्रांचा ढीग पडला. प्रश्न एकच: नायकाची मेलेली आई नव्या अंकात त्याला जेवायला कशी वाढते? लोरेननं ओशाळून व्हर्ननला फोन लावला. "ती कुठल्या अंकात मेली रे?" "सत्तेचाळिसाव्यात. माझी आई गेली त्याच आठवड्यात लिहिला. तू मातीला आली होतीस." "आठवतं." "मग अंक कसा विसरलीस, बाई? तुझ्याच सहीनं छापायला गेला." लोरेनच्या जिभेवर खोटं येईना. "मी वाचतच नव्हते. तू चुकायचा नाहीस, म्हणून नुसती सही करायचे." व्हर्नन म्हणाला, "मला वाटायचं, तुला आवडतं म्हणून काही बदलत नाहीस."