जुन्या चार्जरची प्रतिक्रिया

‘मूर्ख’ या शब्दाखाली लाल रेघ उमटली आणि जुन्या चार्जरची प्रतिक्रिया पुन्हा एकदा ‘संशयित’ खान्यात जाऊन पडली.

चाळणीताईंनी कपाळाला हात लावला. वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर बातम्यांखाली वाचक जे काही लिहितात, ते सोडायचं की अडवायचं हे ठरवणं ही त्यांची नोकरी. आठ वर्षं लोकांच्या शिव्या चाळून चाळून त्यांना हे नाव पडलं होतं, आणि खरं नाव आता पगारपत्रकाशिवाय कुणाला ठाऊक नसावं. शेजारच्या खुर्चीत इंजिनिअर बसला होता. तीन महिन्यांनी हेच काम जे यंत्र करणार होतं, ते घेऊन तो आला होता. तोवर यंत्राला शिकवायचं, मग घरी बसायचं, असं ताईंना गोड शब्दांत सांगून झालं होतं.

‘जुना चार्जर’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकाची ही प्रतिक्रिया नव्या फोनच्या बातमीखालची होती. ‘हा फोन मूर्खालाही वापरता येतो, असं कंपनी म्हणते. मी घेतला. येत नाही.’

“शिवी आहे यात,” इंजिनिअर म्हणाला.

“स्वतःलाच दिलीय त्याने.”

“ते यंत्राला कसं कळणार, ताई?”

“मला कळलं तसं.”

“मग शिकवा त्याला,” तो म्हणाला. बिचाऱ्याच्या बोलण्यात खोच नव्हती. ताई गेल्यावर संशयित खाना उघडायला कुणी नसेल, दोन दिवसांनी त्यातलं सगळं आपोआप पुसलं जाईल, हेही त्याने सरळ सांगून टाकलं.

म्हणजे जुना चार्जर संपला. दोन-चार वेळा लिहील, दिसलं नाही की गप्प बसेल.

हा माणूस कोण, कुठला, तरणा की म्हातारा, ताईंना काहीच माहीत नव्हतं. तंत्रज्ञानाच्या पानावर रोज सकाळी काहीतरी नवीन येई आणि त्याखाली याची एखादी ओळ येई. चेहरा बघून उघडणारा फोन आला, तेव्हा त्याने लिहिलं, ‘सकाळी फोन मला ओळखत नाही. त्याचा दोष नाही, आरशालाही जरा वेळ लागतो.’ झोप मोजणारं घड्याळ आलं, तेव्हा लिहिलं, ‘रात्री किती झोप झाली ते घड्याळ सांगतं. ते बघायला मी चार वेळा उठतो.’ त्या दिवशी ताई एवढ्या मोठ्याने हसल्या की पलीकडचे मुद्रितशोधक चष्मा काढून बघायला लागले. दिवसभर एकमेकांच्या आई-बापांचा उद्धार वाचून डोकं भणभणून जाई, त्यात तेवढी एक ओळ जिवाला विसावा द्यायची. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की नवराही आधी चहाचं नाही, “आज काय म्हणाला तो?” हेच विचारायचा. आपण इथे आहोत, आपल्याला आवडतं, असं त्याला एकदा कळवावं असं ताईंना फार वाटे. पण तपासणाऱ्याने वाचकाशी बोलायचं नाही हा नियम होता, आणि ताईंनी आयुष्यात नियम मोडलेला नव्हता.

मग त्या हात धुऊन यंत्राच्या मागे लागल्या. जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा, एका हाताने माउस. जुन्या चार्जरच्या आठ वर्षांतल्या साऱ्या प्रतिक्रिया बाहेर काढल्या आणि एकेकीपुढे कारण भरत गेल्या. ‘विनोद. स्वतःवर.’ ‘विनोद. राग नाही, कंटाळा आहे.’ ‘कौतुक नाही. टोमणा आहे, पण सोडावा.’ यंत्र ढिम्म. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल रेघ, पुन्हा संशयित खाना. घरी पोरांचा अभ्यास घेताना एवढी दमछाक झाली नव्हती, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. दोन महिने गेले. तिसऱ्यात यंत्र घुटमळू लागलं, कधी अडवी, कधी ताईंना फक्त ‘सोडू का?’ विचारी. पण आपल्या जबाबदारीवर जुन्या चार्जरची एकही ओळ त्याने सोडली नाही.

शेवटचा दिवस उजाडला. सकाळी नऊला तंत्रज्ञानाच्या पानावर बातमी आली, ‘वाचकांच्या प्रतिक्रिया आता यंत्र तपासणार.’ ताईंनी ती दोनदा वाचली. त्यांच्याबद्दल तीत अवाक्षर नव्हतं, आणि त्याचं वाईट वाटायचं वय राहिलं नव्हतं. पण यावर तो काय म्हणतो, याची मात्र जिवाला हुरहुर लागली. निदान इतकी वर्षं बरं चाललं होतं, एवढं जरी तो बोलला असता, तरी त्यांना पुरलं असतं.

दर दहा मिनिटांनी त्या संशयित खाना उघडत होत्या. दुपार झाली. चार वाजले. याच्या त्याच्या शिव्या होत्या, जाहिराती होत्या, तो नव्हता. आजारी असेल, की आजच नेमकं त्याला काही सुचलं नसेल? साडेपाचला इंजिनिअर ओळखपत्र परत घ्यायला आला. यंत्र आता अगदी तुमच्यासारखं वागतं, असं तो कौतुकाने म्हणाला. ताई मान हलवून उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता, कुणीही वाचक उघडतो तसं, आपल्या मोबाइलवर ते पान उघडलं.

सगळ्यात वर जुना चार्जर होता. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी लिहिलेलं, खाली शेकडो लोकांचे अंगठे. लाल रेघ नाही, संशय नाही. यंत्राने कुणालाही न विचारता, पहिल्या फटक्यात सोडलं होतं.

“शिकलं की मेलं,” ताई पुटपुटल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी चष्मा पुसून प्रतिक्रिया वाचली.

‘यात बातमी काय आहे? मी आठ वर्षं इथे लिहितोय. पलीकडे माणूस असता, तर एकदा तरी हसला असता.’