चौकातला दगड

"नाव नको हं घालूस तुझं," लुईझा दारातूनच म्हणाली. "मिरवायची भारी हौस तुला!"

जोशुआ मूरां याने छिन्नीवरची भुकटी फुंकली. जर्सी बेटाचा गुलाबी दगड फोडण्यात त्याचा जन्म गेला होता, पण असं काम पुन्हा हाती येणार नव्हतं. 'या दिवशी आमचं बेट मुक्त झालं', एवढंच त्याने कोरलं होतं. खाली साल, १९४५. दिवस आणि महिन्याची जागा कोरी होती.

"आणि तारीख?"

"कळली की टाकू. तासाभराचं तर काम."

"तुला बाई सगळ्याचीच खात्री!"

"म्हणून तर माझ्याशी लग्न केलंस."

लुईझाला हसू आलं नाही. बीट भाजून केलेली कॉफी तिने त्याच्यापुढे ठेवली. एकुलता एक फिलिप तिकडे इंग्लंडात, आरमारात. त्याचं पत्र नाही, खुशाली नाही. काळजीने ती अर्धी झाली होती.

"फिलिप वाचेल ना रे हे?"

"तोच पहिल्यांदा वाचेल. भर चौकात, खड्या आवाजात." जोशुआचा आवाज जराही कापला नाही.

"त्याआधी कुणी पाहिलं तर?"

"उद्घाटनाआधी स्मारक दाखवतात होय? आण ते पोतं इकडे."

आधी रस्त्यावर नजर टाकून तिने पोतं आणलं. मग दगडाच्या मागच्या बाजूवरून हात फिरवला. "पाठ कशाला एवढी घासलीस?"

"कामात कुचराई नको. ठरलेल्या वेळी बसला नाही, तर मेहनत पाण्यात जाईल."

दुपारी पोत्यात गुंडाळलेला दगड हातगाडीवरून चौकातल्या कचेरीपाशी आला. दाराशी खड्डा तयारच होता. दोन गड्यांच्या मदतीने जोशुआने दगड पोत्यासकट पालथा घातला, वर आलेलं पोतं कापून काढलं आणि कडेने चुना भरला. गाडीपाशी उभ्या लुईझाने रोखलेला श्वास सोडला.

तेवढ्यात कचेरीचं दार उघडलं. स्वस्तिकाच्या झेंड्याखालून जर्मन कमांडंट बाहेर आला आणि नव्या पायरीवर त्याने दोनदा बूट आपटले.

"भक्कम दिसतेय, म्हाताऱ्या. टिकेल ना?"

जोशुआने टोपी काढली. "उलटवेपर्यंत जागची हलणार नाही, साहेब."