चार नंबरची जागा

"परत एकदा," उद्धवराव म्हणाले. "अपघात झाला तेव्हा चार नंबरच्या प्रेसचा सेन्सर चालू होता का?"

"चालू होता."

"खाली बघून नको. माझ्याकडे बघून सांग."

"चालू होता, साहेब," अफताब म्हणाला.

पिंपरीतल्या कामगार खात्याच्या व्हरांड्यात सकाळपासून हीच उजळणी चालली होती. उद्धवराव कंपनीचे सल्लागार. सुनावण्या निभावून नेणं हेच त्यांचं पोटापाण्याचं काम, आणि माणूस त्यात चांगला मुरलेला. अफताब चाकणच्या शेडमधला मेंटेनन्स फिटर. पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली हात गेला की मशीन जागच्या जागी थांबावं म्हणून सेन्सर असतो. तो सारखा अडतो आणि नग कमी निघतात. वरून तोंडी हुकूम आला, तेव्हा अफताबने पॅनेल उघडून आत तारेचा एक तुकडा जोडून दिला. सेन्सर नावापुरता उरला. त्या प्रेसवर काम करणारा ऋतिक त्या वेळी पाणी प्यायला गेला होता. पुढच्याच पंधरवड्यात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

सुनावणीत खरं बाहेर आलं असतं तर सगळं अफताबच्याच गळ्यात पडलं असतं. हुकूम हवेत विरला होता आणि पक्कड त्याची होती. वरच्यांनी कानांवर हात ठेवले असते.

समोरच्या बाकावर ऋतिक बसला होता, उजवा हात खिशात घालून. एका बाजूला त्याची आई सगुणाबाई, दुसऱ्या बाजूला धाकटी बहीण संस्कृती. ती शेंगा सोलून भावाच्या डाव्या हातावर दाणे ठेवत होती. अफताब दवाखान्यात त्यांना तीन-चारदा भेटला होता. दर वेळी सगुणाबाईंनी त्याला चहा पाजला, त्याच्या बायकोची, ताहेराची, आणि लेकरांची विचारपूस केली. पण हे झालंच कसं, असं एकदाही विचारलं नाही. साधी माणसं आहेत, तो मनाशी म्हणायचा, मशीनच्या पोटातलं त्यांना काय कळतंय. आणि घरी जाताना त्याला स्वतःचीच लाज वाटायची.

उद्धवरावांचा फोन वाजला. ते कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोलले. परत आले तेव्हा चेहरा खुलला होता.

"सुटलास लेका. मिटलं. त्यांच्या घरात एक कायम नोकरीची ऑर्डर देतोय, ते तक्रार मागे घेतायत. आता तुझी साक्षही नको, आणि मशीन तपासा म्हणणारंही कुणी उरलं नाही. आत जाऊन सह्या केल्या की मोकळे."

अफताबचा जीव भांड्यात पडला. या भागात ही रीतच आहे. कंपनीत माणूस जायबंदी झाला की चार वजनदार लोक मध्ये पडतात आणि त्याची जागा त्याच्याच घरात ठेवतात. त्यातून कायम ऑर्डर म्हणजे चेष्टा नव्हती. आसपासच्या गावांतली पोरं वर्षानुवर्षं कंत्राटावर घासतात. काही महिने झाले की ब्रेक, मग नवा कंत्राटदार आणि गळ्यात नवं ओळखपत्र. ऋतिकही त्यातलाच होता. कायम झालेल्याच्या घरी लोक पेढे मागायला येतात.

तो बाकापाशी गेला. आता मान वर करून बोलता येत होतं.

"चांगलं झालं, भावा," तो ऋतिकला म्हणाला. ऋतिकने नुसती मान हलवली.

"चाचा, सोमवारपासून मी येणार," संस्कृती म्हणाली. "बुटाचं माप पण घेऊन गेलेत. चार नंबरवरच टाकणार म्हणाले. दादाची जागा ना."

अपघातानंतर तार अफताबने काढून टाकली होती. पण गेल्या आठवड्यात माल कमी पडायला लागला, तसा पुन्हा हुकूम आला आणि त्याने मुकाट्याने ती परत जोडली. ती पोरगी शेंगांची टरफलं ओंजळीत गोळा करत होती, आणि त्याला तिच्या हातांकडे बघवेना.

आतून पुकारा झाला. कामगार खात्याच्या साहेबांनी तडजोड वाचून दाखवली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"राजीखुशीने आहे ना सगळं? कुणाला काही सांगायचंय?"

विचारायचं म्हणून विचारलं होतं. उद्धवरावांनी पेनाचं टोपणसुद्धा काढलं होतं. दाराशी उभा असलेला अफताब पुढे आला. नोकरी जाईल, केस होईल, ताहेराला काय सांगणार, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तरी तो थांबला नाही.

"साहेब, त्या मशीनचं..."

"तुम्ही कोण?"

उद्धवराव उठायच्या आत सगुणाबाई उठल्या.

"आमच्या घरच्यावानीच हायेत, साहेब. सकाळधरनं पोटात काय न्हाई, चक्कर आल्यावानी झालं आसल."

त्यांनी अफताबला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. पदर सावरत त्याच्या कानाशी वाकल्या. आवाजात राग नव्हता.

"पोरानं पानी पिऊन येताना बगितलं व्हतं तुमाला तार जोडताना. शुद्धीवर आल्या आल्या सांगितलं त्यानं. आत्ता बी ती तार तितंच आसल, येवढं कळतंय आमाला. गप ऱ्हावा, भाऊ. पोरगी कायम व्हतीया."