धोट्याची परीक्षा

धोट्यानं पाण्याची परात हुंगली आणि तोंड फिरवलं. तिसऱ्यांदा.

"पाहा," बाबनराव म्हणाले. "पाण्याले भिऊन राहिलं. पिसाळलं आहे हे."

जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली. परवाच पलीकडच्या गल्लीत एका पिसाळलेल्या कुत्र्यानं ताराचंदची शेळी फाडली होती. तेव्हापासून जो तो काठी घेऊनच घराबाहेर पडत होता, आणि पिसाळलेलं कुत्रं पाणी पीत नाही एवढं शास्त्र सगळ्यांना पाठ होतं. गोळीबार चौकामागच्या या कोष्ट्यांच्या गल्लीत बाबनराव सगळ्यांत वडील. त्यांनी निकाल दिला. चंद्रभाननं लांबूनच दोराचा फास टाकून धोट्याला कडुनिंबाला बांधलं. म्युनिसिपालटीच्या कुत्री मारणाऱ्या कमेटीवाल्यांना बोलवायला एक जण सायकलवर गेलासुद्धा.

नववीतली शामला रागानं नुसती धुमसत होती. धोटा तिचा. हातमागावरचा धोटा कसा इकडून तिकडे पळतो, तसा हा दिवसभर गल्लीच्या दोन टोकांना शिवून यायचा, म्हणून त्याचं नाव धोटा. आणि तो पाणी पीत नव्हता हे खरंच होतं. तिच्याचमुळे पीत नव्हता.

मागच्या मे महिन्यात त्याची आई उन्हानं मेली. तिच्यासमोर परात भरलेली होती, पण पाणी इतकं कढत की जीभ लावता येईना. यंदा शामलानं परातीवर भरवसाच ठेवला नाही. काकडीत पाणीच पाणी असतं असं शाळेत बाईंनी शिकवलं होतं. मग तिनं पाणी खाऊच घालायला सुरुवात केली. सकाळी पातळ ताकात कुस्करलेली भाकरी, दुपारी भाताची गार पेज, मधेच काकडीची टोकं. आज तर बिया काढून अर्धं टरबूज. पोट तट्ट फुगलेलं असताना तो परातीकडे बघेल कशाला?

हे सगळं तिनं सांगितलं. एका दमात, मोठ्यानं. कुणी ऐकलं नाही. मैनाबाई म्हणाली, कुत्र्याले काकडी चारणारी पोरगी पहिल्यांदाच पाहिली, उद्या विडा देईल. चंद्रभान म्हणाला की पोरी शाळेत जातात आणि भलतंच शिकून येतात. आईनं दारातूनच डोळे वटारले. शामलानं टरबुजाची एक फोड आणून धोट्यापुढे टाकली. त्यानं ती सालासकट करकरून खाल्ली. आता बोला, अशा तोऱ्यात ती वळली.

"पिसाळलं की दगडबी चावते," बाबनराव म्हणाले. "तू घरात जाय वं. पोरीबाळीनं पाहू नये असं काही."

ती गेली नाही.

कमेटीवाले लवकर येईनात. ऊन भाजायला लागलं. तेवढ्यात कन्हान नदीच्या वाळूतली टरबुजं भरलेली बैलबंडी गल्लीत शिरली. बाबनरावांनी दोन घेतली, ओसरीच्या पायरीवर आपटून फोडली आणि सगळ्यांना वाटली. मग सगळे ओसरीवर ओळीनं बसून खायला लागले. रस कोपरापर्यंत ओघळत होता. बी कुणाची लांब जाते यावर पैजा लागल्या. समोर एक जीव मरायला बांधून ठेवलेला आणि यांना फोडी गोड लागत होत्या. धोटा त्यांच्याकडे बघून शेपटी हलवत होता. मूर्ख कुठला. त्याला वाटत होतं, आपल्यालाही मिळणार.

 शामला तरातरा घरात गेली आणि माठातल्या गार पाण्यानं तांब्या भरून आली. तो तिनं बाबनरावांच्या पुढे धरला.

"पाणी घ्या, काकाजी."

बाबनरावांनी मान मागे घेतली. "टरबुजावर पाणी पेते का कोणी? मले मारतं का?"

ओसरीवर हशा पिकला. एवढंही कळत नाही का पोरीले, असं कुणीतरी म्हणालं. शामला हसली नाही. तिनं तांब्या चंद्रभानपुढे नेला. त्यानं हात आखडला. मैनाबाईपुढे नेला. तिनं पदरच तोंडावर घेतला. चौथा, पाचवा. कुणी बोट लावलं नाही. तशीच ती परत येऊन बाबनरावांसमोर उभी राहिली. 

"पाच जणांनी पाण्याकडून तोंड फिरवलं, काकाजी. मग दोर एकच काहून आणला?"

 तिनं तांब्या त्यांच्या पायाशी आपटला. पाणी पायरीवरून वाहत खाली गेलं.  बाबनरावांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. साठ वर्षांत कुणी त्यांना असं बोललं नव्हतं, आणि तेही परकरातल्या पोरीनं.

तेवढ्यात कमेटीचे दोघे आले. एकाच्या हातात लाठी, दुसऱ्याच्या खांद्यावर पोतं. उन्हातून चालून आल्यानं दोघेही वैतागलेले.

"पाणी कोण पेत नाही इथं?" लाठीवाल्यानं विचारलं.

ओसरीवरचे सगळे बाबनरावांकडे बघायला लागले. बाबनराव शामलाकडे बघत होते, खाऊ की गिळू अशा नजरेनं. मग ते उठले, ओसरी उतरले आणि लाठीवाला आणि कडुनिंब यांच्या मधे जाऊन उभे राहिले.

"मी," ते म्हणाले.